खुरपं घ्यायचंय? आधी मूठ बघा

जळगावात घराभोवती दीड-दोन गुंठे मोकळी जागा हाती आली, तेव्हा मी सगळ्यात आधी बागकामाचा एक चकचकीत संच विकत आणला. तीन अवजारं, हिरव्या-नारिंगी मुठी, वरून पारदर्शक प्लॅस्टिक. जूनमध्ये पहिला पाऊस झाला. चार दिवसांनी वांग्याच्या वाफ्यात बसलो, आणि तिसऱ्या-चौथ्या घावाला त्यातल्या खुरपीची मान वाकली. शेजारच्या शेतात निंदणीला येणाऱ्या मावशी बांधावरून बघत होत्या. त्यांनी ती खुरपी उचलली, उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "हाई खुरपं नही शे भाऊ, पयी शे." पयी म्हणजे पळी. वरण वाढायची.

त्यानंतर बरीच खुरपी घेतली, काही वाटून टाकली, दोन लोहाराकडून घडवून घेतली. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना यात नवीन काही सापडायचं नाही. हे ज्यांनी परसबाग, गच्चीवरच्या कुंड्या किंवा प्लॉटवरचा भाजीपाला नुकता सुरू केलाय त्यांच्यासाठी आहे.

आधी आपली माती

खुरपं कसं आहे, याचं उत्तर ते कुठल्या मातीत चालवायचंय यावर ठरतं. तापी आणि गिरणेच्या काठाने पसरलेली आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते, वाळली की आकसून भेगाळते. पावसानंतर दुसऱ्याच दिवशी खुरपायला बसलात तर पात्यावर मातीचा गोळा बसतो आणि तुम्ही खुरप्याऐवजी तो गोळाच ओढत राहता. आठ-दहा दिवस उघडीप मिळाली की तीच माती विटेसारखी होते. मधले दोन-तीन दिवस वापसा असतो, म्हणजे माती ना चिकट ना कडक, तेव्हा काम लोण्यासारखं चालतं. काळ्या मातीसाठी म्हणून पातं अरुंद आणि गुळगुळीत हवं. रुंद पात्यावर माती जास्त चिकटते आणि खडबडीत पात्याची ती सुटत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावल-रावेरच्या उत्तरेकडच्या भागात किंवा शिरपूर-शहाद्याकडे डोंगर जवळ आला की मुरूम आणि दगडगोटे लागतात. तिथे गुळगुळीतपणापेक्षा जाडी महत्त्वाची. शेंडा जाड नसेल तर गोट्यावर आपटून मुडपतो.

तणाचंही बघा. घोळ, केना, माठ असली वरवरची तणं असतील तर सपाट पात्याचं, अर्धगोल धारेचं खुरपं पुरतं. लव्हाळा किंवा हरळी असेल तर नाही. लव्हाळा वरून कापला की जमिनीतल्या गाठीतून पुन्हा फुटतो. त्याला खाली बोट-दोन बोटं शिरणारं, टोकदार पातं लागतं. माझ्याकडे दोन वेगळी खुरपी आहेत ती याच कारणाने. सुरुवातीला एकच घेणार असाल तर टोकदार घ्या, त्याने वरवरचं तणही निघतं.

लोखंड ओळखायचं कसं

बाजारात ढोबळ मानाने तीन प्रकार दिसतात. पत्रा प्रेसखाली दाबून आकार दिलेलं, साध्या पट्टीचं कापून वेल्डिंग केलेलं आणि लोहाराने तापवून ठोकून घडवलेलं. तिसऱ्यातही लोखंड कुठलं यावर सगळं अवलंबून. आपल्याकडचे लोहार बरेचदा ट्रकच्या किंवा ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्यातून खुरपी, विळे घडवतात. ते पोलाद जास्त कार्बनचं असतं, तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं की कडक होतं. यालाच पाणी देणं म्हणतात. साध्या लोखंडी पट्टीत कार्बन इतका कमी असतो की तिला कितीही पाणी पाजा, ती मऊच राहते.

दुकानात उभ्या उभ्या चार गोष्टी बघता येतात.

पातं दोन बोटांत हलकं लटकवून धरा आणि नखाने किंवा नाण्याने टिचकी मारा. सलग, नीट बसलेलं पातं खणखणीत वाजतं, आवाज थोडा रेंगाळतो. भद्द आवाज आला तर कुठे भेग आहे, किंवा मूठ नीट बसलेली नाही. यातलं नेमकं कुठलं ते आवाजावरून कळत नाही, पण पुढे बघायला हवं एवढं कळतं.

दुसरी गोष्ट कानशीची. दुकानदाराकडे जुनी कानस असतेच. धारेच्या अगदी कडेला एकदा हलकी फिरवा. कानस सरकन घसरली तर धार कडक आहे, लोण्यासारखी रुतली तर मऊ. थोडी चावून थोडी घसरली तर खुरप्यासाठी उत्तम. खुरप्याला वस्तऱ्याइतकी कडक धार नको असते, ती दगडावर तुकडा टाकते.

तिसरी गोष्ट नवख्यांच्या नजरेतून हमखास सुटते. धारेजवळ निळसर-जांभळा डाग दिसतो का बघा. चमक यावी म्हणून घाईने मशिनच्या दगडावर घासताना पातं जास्त तापतं. पोलाद तापताना आधी फिकट पिवळं दिसतं, साधारण २२० अंशांना, आणि ३०० अंशांच्या आसपास निळं होतं. निळं झालं की तेवढ्या भागाचा कडकपणा उतरलेला असतो. असं खुरपं दिसायला सगळ्यात चकचकीत आणि वापरायला सगळ्यात बोथट.

चौथी गोष्ट रंगाची. जाड रंग लावलेलं खुरपं मी आता घेत नाही. रंगाखाली वेल्डिंगचे खड्डे आणि भेगा झाकल्या जातात. लोहाराकडचं खुरपं काळपट असतं, वर ठोक्यांच्या खुणा असतात, तेलाचा हात मारलेला असतो. ते कुरूप दिसतं, पण काही लपवत नाही. हलका तांबूस गंज असला तरी हरकत नाही, कापडाने पुसून जातो. पोपडे सुटत असतील तर मात्र ठेवून द्या.

स्टेनलेस स्टीलबद्दल लोक विचारतात. गंजत नाही हे खरं, आणि कुंडीतल्या भुसभुशीत खत-मातीला ते चालतंही. पण स्वस्तातलं स्टेनलेस धार धरत नाही, आणि आपल्या वाळलेल्या काळ्या मातीत त्याचा निभाव लागत नाही.

मान आणि शेपूट

पातं जिथून वळून मुठीकडे जातं ती मान. खुरपं मोडतं ते बहुतेक इथेच. पातं अडीच-तीन मिलिमीटर जाड असलं तरी मान त्याच्या दुप्पट तरी हवी, आणि वळण गोलाईचं हवं. काटकोनात मुडपलेली मान म्हणजे तिथे आधीच दुमड पडलेली आहे. एकाच तुकड्यातून ओढून काढलेली मान सगळ्यात भरवशाची. पात्याला वेगळी सळई वेल्ड केली असेल तर सांध्याभोवती अंगठा फिरवा. वेल्डिंग सगळीकडून भरलेलं हवं. नुसते दोन ठिपके असतील तर ते एका पावसाळ्याचं खुरपं.

मानेपासून मुठीत शिरणारं निमुळतं शेपूट किती आत गेलंय हे बाहेरून दिसत नाही. दुकानदाराला विचारा, त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवू नका, आणि पुढची परीक्षा करा. मूठ एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हाताने पातं डावी-उजवीकडे पिळा. केसभर जरी हललं तरी नको. शेपूट मुठीच्या मागून बाहेर काढून ठोकून वळवलेलं असेल तर प्रश्नच मिटला, ते निघत नाही. फक्त तो वळवलेला भाग लाकडाच्या वर उभा नसावा, तळव्यात रुततो.

मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडी हवीच. मुसळाला वसवी असते तशी. ती नसेल तर लाकूड उभं चिरतं.

आपल्या हवेचं एक सांगायला हवं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पावसाळ्यात घेतलेलं खुरपं तेव्हा घट्ट असतं, कारण लाकूड दमट असतं. उन्हाळ्यात ते वाळून आकसतं आणि मूठ खुळखुळायला लागते. म्हणून जमलं तर खुरपं उन्हाळ्यातच घ्या, एप्रिल-मेमध्ये. त्या हवेत जी मूठ घट्ट आहे ती पुढे पावसात आणखी घट्ट होईल. ढिली मूठ रात्रभर पाण्यात टाकण्याचा उपाय सगळे सांगतात. सकाळी ती खरंच घट्ट होते, पण फुगलेलं लाकूड लोखंडावर दाबून चेपतं आणि वाळलं की आधीपेक्षा ढिलं होतं. त्यापेक्षा बाभळीची पातळ पाचर ठोका.

मूठ

पातं बिघडलं तर लोहार नीट करून देतो. मूठ चुकीची असेल तर भोगायचं तुमच्या हाताला. म्हणून वेळ घालवायचा तो इथे.

मूठ हातात धरा, सहज, काम करताना धराल तशी. अंगठा तर्जनीच्या शेवटच्या पेरावर थोडासा चढला पाहिजे. बोटांची टोकं तळव्यात रुतत असतील तर मूठ बारीक आहे. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटतच नसतील तर जाड आहे. मापात सांगायचं तर साधारण साडेतीन सेंटिमीटर व्यासाची मूठ बऱ्याच हातांना बसते, लहान हाताला तीन. बाजारातल्या मुठी बहुतेक एकाच मापाच्या असतात, आणि खुरपणीचं काम मात्र मुख्यतः बायका करतात. आपल्या घरात खुरपं कोण चालवणार आहे त्यालाच दुकानात घेऊन जा. नवऱ्याने बायकोसाठी अंदाजाने आणलेलं खुरपं आमच्या घरात अजून खुंटीवर लटकलेलं आहे. नवरा मीच.

लांबी बघा. मूठ पकडल्यावर तिचं मागचं टोक करंगळीच्या बाहेर थोडं निघालं पाहिजे. दहा सेंटिमीटरपेक्षा आखूड मूठ असली की टोक थेट तळव्याच्या मधोमध येतं, आणि प्रत्येक दाबाला तिथेच रुततं. पहिल्या पंधरा मिनिटांत काही वाटत नाही. दोन तासांनी तळवा ठणकायला लागतो. बारा-साडेबारा सेंटिमीटर असेल तर निर्धास्त घ्या. हातमोजे घालणार असाल तर आणखी थोडी.

आकार अगदी गोल नको. गोल मूठ ओल्या हातात फिरते, मग ती फिरू नये म्हणून आपण नकळत जास्त आवळून धरतो आणि हात लवकर थकतो. किंचित लंबगोल, मध्ये थोडी फुगीर, मागे थोडी जाड, अशी बरी. बोटांसाठी खाचा पाडलेल्या मुठींच्या मात्र नादी लागू नका. त्या खाचा कुठल्या तरी एकाच पंज्याच्या मापाच्या असतात, तुमचं बोट नेमकं दोन खाचांच्या मधल्या उंचवट्यावर येतं. आणि खुरपताना आपण पकड सतत बदलत असतो, त्या खाचा ते करू देत नाहीत.

लाकडात आपल्याकडे बाभूळ सगळ्यात चांगली. चिवट, घाव सोसणारी, मिळायला सोपी. शिसव छान पण महाग. साग टिकतो, मात्र हलका असतो. लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीने गेलेल्या हव्यात. त्या तिरप्या बाहेर पडत असतील तर तिथेच चीर जाणार. मध्ये गाठ नको. वर लावलेलं चकचकीत वॉर्निश बघून भुलू नका, घामाने ते निसरडं होतं आणि हाताला फोड आणतं. मी नवी मूठ आणली की वॉर्निश घासून काढतो आणि जवसाचं तेल लावतो. ते लाकडात मुरतं आणि वाळून घट्ट होतं. दिवसाआड दोन-तीन हात पुरतात.

प्लॅस्टिकची मूठ आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत भुरी पडते, मग तडकते. लोखंडी पाइपची मूठ दुपारी हातात धरवत नाही. रबरी आवरणाची मूठ दुकानात सगळ्यात मऊ लागते, पण ती खऱ्या लाकडावर किंवा लोखंडावर घट्ट बसलेली आहे की नुसती चढवलेली, हे पिळून बघा. आतल्या आत फिरली तर सोडा.

मनगट सरळ राहतं का

दुकानात उकिडवं बसा. लोक बघतील, बघू द्या. खुरपं जमिनीवर टेकवा आणि खुरपल्यासारखं चार वेळा पुढे-मागे ओढा. दोन गोष्टी तपासायच्या. पातं जमिनीला सपाट टेकलेलं असताना मनगट सरळ आहे का? आणि बोटांची पेरं जमिनीला घासतात का? मान पुरेशी उंच वळलेली असेल तर मूठ जमिनीपासून दोन-तीन बोटं वर राहते. मान सपाट असेल तर एक तर पेरं सोलवटतात, नाही तर ती वाचवायला तुम्ही मनगट मुडपता. मुडपलेल्या मनगटाने पकडीतला जोर कमी होतो आणि अंगठ्यात, पहिल्या दोन बोटांत मुंग्या येतात. काम करून रात्री मुंग्या येत असतील तर दोष खुरप्याच्या कोनाचाही असू शकतो. लोहार मान तापवून दोन मिनिटांत वळवून देतो, नवीन घ्यायची गरज नाही.

डावखुऱ्यांनी धार बघावी. पुष्कळ खुरप्यांना एकाच बाजूने उतार दिलेला असतो, उजव्या हाताच्या हिशोबाने. तुमच्या हातात ते मातीत घुसत जाईल किंवा वर उडेल. लोहाराला सांगितलं तर तो उलट बाजूने धार काढून देतो. विळ्याच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं. आणि दातेरी विळा घेतलात तर दात घरी लावता येत नाहीत हे लक्षात ठेवा.

वजन पाव किलोच्या आसपास ठीक. अगदी हलकं खुरपं चांगलं असा समज असतो, पण वाळल्या काळ्या मातीत हलक्या खुरप्याला सगळा जोर तुम्हालाच लावावा लागतो. थोडं वजन पात्याकडे असलं तर ते स्वतःहून शिरतं. मुठीच्या तोंडाशी एका बोटावर तोलून बघा. पातं किंचित खाली झुकलं तर बरोबर.

शेवटी हात ओला करून धरा. दुकानदाराच्या माठातलं पाणी चालेल. घामेजल्या हातात ही मूठ कशी वागेल ते तिथेच कळतं.

कुठून घ्यावं

आठवडी बाजारात रस्त्याकडेला बसणाऱ्या लोहाराकडून घेणं मला सगळ्यात पटतं, कारण तक्रार करायला पुढच्या आठवड्यात तोच माणूस तिथेच सापडतो. यात्रांमध्येही अवजारं मिळतात. तापीकाठच्या सारंगखेड्याची यात्रा घोड्यांसाठी प्रसिद्ध, पण मार्गशीर्षात तिथे गेलात तर संसाराच्या आणि शेतीच्या वस्तूंची दुकानंही फिरून या. तिथे भाव करा, घाई मात्र करू नका. पातं एकाकडून आणि मूठ दुसऱ्याकडून घेण्यात काही गैर नाही. माझं सध्याचं आवडतं खुरपं तसंच जमलेलं आहे.

आणखी एक, खरं तर सगळ्यात उपयोगी: निंदणीला जाणाऱ्या बाईचं खुरपं बघा. विकत घेऊ नका, ती देणारही नाही. या बायका आपलं खुरपं शेजारणीलासुद्धा सहज देत नाहीत, कारण ते त्यांच्या हाताप्रमाणे झिजलेलं असतं. मूठ कुठे काळी-गुळगुळीत झालीय, जुन्या लुगड्याचा काठ कुठे गुंडाळलाय, पातं कुठल्या कोपऱ्याला जास्त झिजलंय, हे बघितलं की चांगलं खुरपं कसं असतं ते कळतं. मावशींच्या खुरप्याची मान माझ्या पहिल्या खुरपीपेक्षा बोटभर उंच होती. मी तेव्हा ती बघितली नव्हती.

पहिले आठ दिवस

नवं खुरपं पहिल्या दिवशी अर्ध्या तासापेक्षा जास्त चालवू नका. नंतर तळहात बघा. जिथे लाल झालंय, मुठीवर नेमकी तीच जागा कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन-चार दिवसांत मूठ तुमची होते. पकड बारीक वाटली तर सुती चिंधी गुंडाळा. सायकलची ट्यूब गुंडाळू नका, आत घाम साचतो आणि कातडी पांढरी पडून सोलते. सगळं करूनही आठव्या दिवशी त्याच जागी फोड येत असेल तर ती मूठ बदला.

हरवू नये म्हणून मुठीच्या मागच्या टोकाला लाल रंगाचा पट्टा ओढून ठेवा. गवतात ठेवलेलं खुरपं शोधण्यात माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्यात.

काम झालं की माती काडीने खरवडा, पातं कोरडं पुसा, तेलाचा बोळा फिरवा. केळीची पिलं कापली असतील तर चीक लगेच पुसा, वाळला की काळा डाग धरून बसतो. धार घरी कानशीने लावा, मूळ उतार आहे त्याच कोनात, एकाच दिशेने. मशिनवर लावून घेणार असाल तर मशिनवाल्याला पातं मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगा, नाही तर तो निळा डाग पुन्हा येईल. पावसाळ्याआधी एकदा लोहाराकडून पाजवून, म्हणजे धार काढून आणलं की हंगाम निघतो.

दर पाजवणीला पातं थोडं लहान होतं. चार-पाच वर्षांनी ते दोन बोटांएवढं उरलं की वाफ्याच्या कामाचं राहत नाही, पण फेकू नका. लोहाराकडून दोन्ही कडा कापून निमुळतं करून घ्या. कुंडीत, मिरचीच्या रोपांच्या मधल्या चार बोटं जागेत शिरणारं इतकं नेमकं अवजार दुकानात मिळत नाही.